जलपर्णी काढून नदी स्वच्छ होईल का?

यंत्रं लावून जलपर्णी काढली की पुण्याची मुठा नदी स्वच्छ होईल, असं म्हटलं जातं. काढायला हवीच, डासांसाठी तरी. पण मैलापाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खाद्य. ते येत राहिलं तर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा दुप्पट होते.

मे महिन्यात भिडे पुलावर उभं राहून खाली बघा. काळं पाणी जेमतेम हलत असतं आणि तळातून बुडबुडे वर येतात. पाण्यातला ऑक्सिजन संपला की तळाचा गाळ असा कुजतो.

जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून पुण्यात मैलापाणी शुद्ध करणारी 11 केंद्रं ठरली, क्षमता रोज 396 दशलक्ष लिटर. करार 2016चा! केंद्रं हवीतच, मात्र माझ्या मते खरी मेख सांडपाण्याच्या वाहिन्यांमध्ये आहे. आंबिल ओढा, नागझरी या मुठेला मिळणाऱ्या ओढ्यांत शिरणारं सांडपाणी आधीच अडवून केंद्रापर्यंत नेलं नाही, तर टाक्या बांधून उपयोग काय? शिवाय या टाक्यांत घाण खातात ते जिवाणू, आणि त्यांना सतत हवा लागते. वीज बराच वेळ गेली की ते मरायला लागतात, आणि घडी पुन्हा बसायला बरेच दिवस जातात. म्हणून जनरेटर आणि त्याच्या डिझेलचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे.

मुठेचं हे पाणी पुढे भीमेतून उजनी धरणात जातं. आपण सोडलेलं तिथल्या गावांच्या नळाला येतं, याची मला मनापासून लाज वाटते.