क्लबने दरवर्षी नवीन प्रोजेक्ट काढायची गरज आहे का? (मीटिंगा, वक्ते, दानधर्म सगळ्यावर बोलू)

गंगापूर रोडकर
मंडळी, नाशकातल्या एका सर्व्हिस क्लबचा (रोटरी, लायन्स असतात तसा समाजसेवेचा क्लब) मी बरीच वर्षं मेंबर आहे. कुठला ते सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चाललंय. माझं म्हणणं सरळ आहे, नवीन प्रोजेक्ट थांबवा आणि आधी दिलेलं चालू ठेवा.

१ जुलैला नवीन अध्यक्षाच्या गळ्यात पदाची कॉलर पडते, ३० जूनला उतरते. मधल्या बारा महिन्यांत प्रत्येकाला आपल्या नावावर काहीतरी उभं करायचं असतं, मग आधीच्याने दिलेलं चालू आहे की बंद पडलंय ते बघायला जाणार कोण? पेठ तालुक्यातल्या एका झेडपी शाळेला आम्ही आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं मशीन, दिलेला. मध्यंतरी त्या बाजूला जाणं झालं म्हणून शाळेत डोकावलो, तर मशीनवर जुना फ्लेक्स टाकलेला, नळाला तार गुंडाळलेली, आतलं मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) पार चोक, आणि पोरं व्हरांड्यातल्या हंड्यातून ओगराळ्याने पाणी घेतायत. मुख्याध्यापक म्हणाले, सर, सादिलचे (शाळेच्या किरकोळ खर्चाचे) पैसे येतात तेवढ्यात वीजबिल भरू की मेंब्रेन आणू? मला उत्तर देता आलं नाही.

दुसरं मीटिंगचं. वक्ते खरंच चांगले येतात, पण ऐकतात कोण तर हॉटेलच्या हॉलमधले आपलेच तीस-चाळीस जण. ज्या गावात मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरते आणि रस्त्याने जाणारा माणूसही येऊन बसतो, ज्या गावात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे चांगलं व्याख्यान बंद दाराआड कशाला ठेवायचं? महिन्यातली एक मीटिंग सगळ्यांना खुली करा, त्या दिवशी जेवण नको, चहा बास. मीटिंगा कमी केल्या तरी अडत नाही, रोटरीनेच २०१६ मध्ये दर आठवड्याची सक्ती काढून महिन्यात किमान दोन असं केलंय.

कॉलेज रोड
सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे अजिबात पटलं नाही. मीटिंग म्हणजे जेवण आणि बुके असं बाहेरचे बोलतात, तुम्ही तरी बोलू नका.

आमच्याकडचं सांगते. थॅलेसेमियावर, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, बोलायला एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की थॅलेसेमिया मेजरच्या (त्यातल्या गंभीर प्रकारच्या) मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि रक्तपेशी पिशवीत टिकतात फार तर ३५ ते ४२ दिवस. आणि आपण सगळे शिबिरं कधी घेतो तर १५ ऑगस्ट, २६ जानेवारी! तेव्हा पिशव्यांचा ढीग लागतो, आणि मे महिन्यात कॉलेजेस बंद, लोक गावाला, रक्तपेढी फोन करून थकते. त्या दिवशी मीटिंगमध्ये अर्धा तास नुसते प्रश्नच चालले, एका मेंबरने तर विचारलं की लग्नाआधी टेस्ट करायची तर मुलीच्या घरी हा विषय काढायचा कसा, आणि मॅडमनी इतकं नीट समजावून सांगितलं. दोनशे अनोळखी लोकांसमोर हा प्रश्न कोणी विचारला असता का? त्यानंतर आम्ही आमचं शिबिर मे मध्ये नेलं. एक रुपया जास्त लागला नाही. हे त्या बंद दाराआडच्या मीटिंगमुळेच झालं.

आणि दर आठवड्याला भेटल्याशिवाय माणसं खिशात हात घालत नाहीत. ओळख असते म्हणून एका फोनवर कोणी टेम्पो देतं, कोणी ओपीडी फुकट करतं. रोटरीची सुरुवातच १९०५ मध्ये शिकागोत चार ओळखीच्यांनी एकत्र बसण्यातून झाली, आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचे. भेटणं बंद केलंत तर क्लब नावालाच उरेल.

पेठचा मास्तर
मी क्लबवाला नाही, आदिवासी पाड्यावरच्या शाळेत शिकवतो, म्हणून दोन शब्द. तुमचा आरओ बंद पडला याचं वाईट वाटून घेऊ नका, तो तिथे यायलाच नको होता. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो पण खाली काळा कातळ, पाणी धरून ठेवत नाही, मार्च-एप्रिलला विहीर तळाला जाते आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात. त्या पाण्यातून आरओ निम्म्याहून जास्त पाणी वाया घालवतो. आणि आरओ लागतो तो खारट पाण्याला, आमचं पाणी खारट नाहीच मुळी, पावसाळ्यात गढूळ येतं आणि पोरांची पोटं बिघडतात. त्याला लागतं काय तर साठवायची टाकी, टाकीला घट्ट झाकण, साधा गाळणीचा फिल्टर आणि नियमाने क्लोरीन. शाळा व्यवस्थापन समितीत गावच्या बाया आहेत, त्यांना आधी विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. गाडी येते, फीत कापतात, फोटो होतात, पोरं टाळ्या वाजवतात, पण आधी विचारायला कोणी येत नाही.

गंगापूर रोडकर
मास्तर, हे आमच्या बोर्डासमोर, म्हणजे क्लबच्या कार्यकारिणीत, वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरतो. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला (मोठ्या कामांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीला) किमान ३० हजार डॉलरचा प्रोजेक्ट लागतो आणि तिथे अर्जाआधी गावाची गरज तपासल्याचं दाखवावं लागतं, पुढे ते टिकणार कसं तेही लिहावं लागतं. लाख-दीड लाखाच्या घरच्या प्रोजेक्टला मात्र कुठलाच क्लब हे विचारत नाही.

कॉलेज रोड मॅडम, शिबिर मे मध्ये नेलंत हे उत्तमच. पण त्यात नवीन काय काढलंत? जुनंच काम नीट केलंत, मी तेच तर म्हणतोय. पोलिओचं बघा, १९८५ ला रोटरीने तो विषय हातात घेतला, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, आणि आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला २७ मार्च २०१४ ला. मधे किती अध्यक्ष आले-गेले असतील, पण काम तेच राहिलं, त्याच घरांवर पुन्हा पुन्हा जाऊन डोस पाजले म्हणून झालं. तेव्हा प्रत्येक अध्यक्षाने नवीन रोग शोधला असता तर?

माझी मागणी एवढीच, दरवर्षीच्या प्रोजेक्टच्या पैशातले १० टक्के जुन्या कामांच्या दुरुस्तीला बाजूला काढा.

अंबड एमआयडीसी
१० टक्क्याला माझा विरोध. मी आमच्या क्लबचा ट्रेझरर होतो म्हणून सांगतो, देणगीदार पैसे देतो ते ठरलेल्या कामाला देतो. डायलिसिस मशीनला दिलेले पैसे मागच्या वर्षीच्या आरओला वळवले तर तो पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही, आणि त्याचं चूक पण नाही. कंपनीचा सीएसआर (समाजकामाचा निधी) असेल तर अजूनच अवघड, त्यांना ठरल्या कामाचा हिशोब लागतो.

आमच्या शॉपमध्ये कॉम्प्रेसर घेताना मी कोटेशनमध्येच तीन वर्षांचा एएमसी (देखभाल-दुरुस्तीचा करार) लिहून घेतो, तेव्हा भाव पण उतरतो कारण सप्लायरला ऑर्डर हवी असते, नंतर मागायला गेलं की तोच दुप्पट सांगतो. क्लबने तेच करावं. तीन वर्षांचा एएमसी नसलेलं कोटेशन बोर्डासमोर ठेवायचंच नाही आणि सर्व्हिसचा फोन नंबर मुख्याध्यापकाकडे द्यायचा, क्लबकडे नको.

कॉलेज रोड
हे मान्य. एएमसीचा ठराव कोणी मांडला तर अनुमोदन माझं. पण खुल्या मीटिंगला माझा विरोध कायम आहे सर, वर्षातून दोन व्याख्यानं घ्या मोठ्या हॉलमध्ये, जाहिरात करा, मी स्वतः खुर्च्या लावायला येईन, साप्ताहिक मीटिंगला मात्र हात लावू नका.

पेठचा मास्तर
आणि तो बंद आरओ घेऊन जा कोणीतरी. त्या कोपऱ्यात आम्हाला टाकी ठेवायचीय, पाऊस सुरू व्हायच्या आत झालं तर बरं.