पायटेस्ट (पायथनचं टेस्टिंग टूल): डुप्लिकेट हेल्पर फंक्शन्स एका जागी आणताना अडकलोय, मदत हवी आहे

टेस्टच्या 14 फाइल्समध्ये युजर बनवायचं आणि रिस्पॉन्स तपासायचं तेच फंक्शन कॉपी-पेस्ट झालंय, त्यात तीन ठिकाणी डिफॉल्ट व्हॅल्यू वेगळ्या, त्यामुळे डोळे झाकून एकत्र करता येत नाही. युजरवाली फंक्शन्स कॉन्फटेस्टमध्ये (फोल्डरमधल्या सगळ्या टेस्टची सामायिक फाइल) फिक्स्चर (टेस्टला पायटेस्ट स्वतः पुरवतो ती तयारी) केली, ती मस्त चालतात. पण तपासणीवाली वेगळ्या हेल्पर फाइलमध्ये नेली तर टेस्ट फेल झाल्यावर नुसतं असर्शन एरर येतं, आधी दोन्ही व्हॅल्यू दिसायच्या आणि त्याच तर कामाच्या असतात. कॉन्फटेस्टमध्ये रजिस्टर असर्ट रीराइट (हेल्पर फाइलमधल्या असर्टचेही सविस्तर एरर दाखव, असं पायटेस्टला सांगणारी ओळ) टाकून पाहिलं, काहीच फरक नाही, हेल्परचा इम्पोर्ट मात्र त्याच्या वरच्या ओळीत आहे. पायटेस्ट 8 आहे, नवीन प्लगइन घालता येणार नाही. इम्पोर्ट त्या ओळीच्या खाली नेला की पुरेल, का हेल्परच्या पॅकेजच्या इनिट फाइलमध्येच (पॅकेज इम्पोर्ट होताना आधी चालते ती) रजिस्टर करायचं?