'रुचिपेशी' म्हणावं की 'रुचिचेतापेशी'?

प्रश्न : पुतणी इंदुरातच फिजिओथेरपी शिकते, सगळं हिंदी-इंग्रजीत. परवा जेवताना आजीने विचारलं, जिभेवरची चव मेंदूकडे कोण नेतं गं? मी 'रुचिपेशी' म्हणून मोकळी झाले. पुतणी म्हणाली, काकू, ते वेगळं. तर मग मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : पुतणीचं बरोबर. रुचिपेशी स्वादकलिकेत, म्हणजे जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या बारीक गुच्छांत असतात, एका कलिकेत साधारण 50 ते 100. त्या कातडीच्या कुळातल्या, दहाएक दिवसांत झडून नव्या येतात. चव ओळखतात आणि वर्दी पुढे देतात, बस. ती वर्दी घेऊन मेंदूकडे नेणारी पेशी निराळी, ती चेतापेशी (न्यूरॉन); तिला 'रुचिचेतापेशी' म्हणावं. गंमत म्हणजे तिचं धड, म्हणजे पेशीचा मुख्य भाग, जिभेत नसतंच. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची धडं कानाजवळच्या हाडात, आणि त्यांचे धागे कानाच्या पडद्याला लागून जिभेपर्यंत येतात. माझ्या डाव्या कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने जिभेच्या डाव्या कडेला तांब्याचं भांडं चाटल्यासारखं वाटायचं. वरणभातसुद्धा अर्धाच गोड!

धाग्याला 'चेतातंतू' म्हणा. 'मज्जातंतू' रुळलेला आहे, पण मज्जा म्हटलं की मला हाडातला मगज आठवतो.

प्रश्न : आणि इंदूरच्या सराफा बाजारातल्या गराडूवरचा, म्हणजे तळलेल्या कंदावरचा, तिखट मसाला? तोही याच पेशी नेतात?

उत्तर : नाही. तिखटपणा शास्त्राच्या हिशेबी चवच नाही, जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेच्या आणि वेदनेच्या चेतापेशींना चेतवतं. जिभेवर ते काम मुख्यतः ट्रायजेमिनल नर्व्हचं, म्हणजे चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या चेतेचं, आणि डोळ्यांना-नाकालाही तीच. आता आपलं क्रियापद बघा : मिरची डोळ्यांत झोंबते, फोडणीचा ठसका नाकात झोंबतो, ठेचा जिभेला झोंबतो. साखर कधी झोंबली का? 'झणझणीत'मध्येही चवीपेक्षा झिणझिण्याच जास्त.

आयुर्वेदाने मात्र तिखटाला सहा रसांत बसवलंय, 'कटु' म्हणून. त्याच कटूचा मराठीत 'कडू' झाला आणि अर्थ पालटला. संस्कृतात कडूला 'तिक्त'. जुनं वैद्यक वाचताना इथे हमखास घोटाळा होतो.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, मीठही झोंबतं की!

उत्तर : जखमेवर. आमटीत ते खारट लागतं.