शब्दचर्चा: मोडतोडीलाही ‘घटनादुरुस्ती’च म्हणायचं का?

पानगळ:
केनियात घटना बदलू पाहणाऱ्या एका विधेयकावर ‘बीबीआय’ (बिल्डिंग ब्रिजेस इनिशिएटिव्ह) नावाने गाजलेला खटला झाला, त्याच्या निकालांतले काही उतारे मराठीत आणते आहे. अडचण अशी की तिथे ‘अमेंडमेंट’ हा एक शब्द आहे आणि त्याच्या विरुद्ध टोकाला ‘डिसमेंबरमेंट’ आहे, म्हणजे बदलाच्या नावाखाली घटनेचा गाभाच मोडणं. आपल्याकडे पहिल्याला ‘घटनादुरुस्ती’. दुसऱ्याला काय? ‘अंगविच्छेद’ लिहिलं तर शवविच्छेदनाचा वास येतो. आणि मुळात ‘दुरुस्ती’ हा शब्दच मला खटकू लागलाय. काहीतरी बिघडलेलं होतं आणि ते नीट केलं, असं तो आधीच सांगून टाकतो.

आगाऊ:
मग हिंदीसारखं ‘संविधान संशोधन’ म्हणा. मराठी वाचक समजेल की कुणीतरी राज्यघटनेवर पीएचडी करतोय.

वकीलकाका:
महाराष्ट्राच्या अधिनियमांच्या नावात ‘सुधारणा’ असते, पण त्याने काही सुटत नाही. ‘सुधारणा’ तर ‘दुरुस्ती’पेक्षाही जास्त शाबासकी देते. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही दोष काढून टाकण्याचाच अर्थ आहे, त्यामुळे एकट्या मराठीला दोष देऊ नका.

तुमच्या खटल्याचा आपल्याशी थेट संबंध आहे, म्हणून जरा लांबण लावतो. नैरोबीच्या उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १३ मे २०२१ रोजी ते विधेयक रद्द केलं, तेव्हा मुख्य आधार घेतला तो आपल्या केशवानंद भारती निकालातून निघालेल्या सिद्धांताचा: संसदेला घटना बदलता येते, तिचा गाभा मोडता येत नाही. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. नानी पालखीवालांनी किल्ला लढवला हे सगळ्यांना ठाऊक असतं, न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड आणि दे. ग. पालेकर हे दोघेही त्या सहांत, म्हणजे अल्पमतात होते, हे फारसं कुणी सांगत नाही. मराठी वर्तमानपत्रांनी या सिद्धांताला ‘मूलभूत चौकट’ म्हटलं आणि तो शब्द रुळला. ‘पायाभूत संरचना’ टाळा, वाचकाला रस्ते आणि उड्डाणपूल दिसतात.

नैरोबीकर:
मी इथेच असतो, त्यामुळे स्वाहिली बाजू सांगतो. घटनेला इथे ‘कतिबा’ म्हणतात. अरबीतून आलेला शब्द, आपल्या ‘किताब’चा भाऊबंद. आणि घटनादुरुस्ती म्हणजे ‘मारेकेबिशो या कतिबा’. ‘रेकेबिशा’ या क्रियापदाचा अर्थ नीट करणे, जागेवर बसवणे. म्हणजे स्वाहिलीतही दुरुस्तीच! पण लोकांनी त्या शब्दाशी भांडण मांडलं नाही. २०२१ साली इथल्या नेत्या आणि वकील मार्था करुआ यांनी या विधेयकाविरुद्ध मोहीम काढली तिचं नाव ‘लिंडा कतिबा’, म्हणजे घटना राखा. ‘लिंडा’ म्हणजे पहारा देणे, राखण करणे. दुरुस्ती की मोडतोड हा वाद विद्वानांना लखलाभ, आम्ही राखणीला बसलो, असा तो सूर होता. शेजारच्या युगांडात २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षाची ७५ वर्षांची वयोमर्यादा काढायचं विधेयक आलं, तेव्हा विरोधकांची घोषणा लुगांडा भाषेत होती, ‘तोगिक्वाताको’. त्याला हात लावू नका. तिथे मात्र डिसेंबरात विधेयक मंजूर झालं.

दुसरा शब्द ‘वांजिकू’. हे किकुयू बायकांचं अगदी सर्रास नाव. नव्वदच्या दशकात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई म्हणाले म्हणतात की वांजिकूला घटनेतलं काय कळतंय? तेव्हापासून वांजिकू म्हणजे सामान्य नागरिक. आता न्यायालयातही वकील अभिमानाने वांजिकूचं नाव घेतात.

आगाऊ:
म्हणजे सोम्यागोम्या. फक्त आपल्या सोम्यागोम्याला अजून कुणी मान दिलेला नाही.

पानगळ:
वांजिकू तशीच ठेवते, सोम्यागोम्याने हेटाळणी तेवढी येईल, उलटलेला मान येणार नाही. पण नैरोबीकर, विधेयकात नेमकं असं काय होतं की राखणीला बसावं लागलं? उताऱ्यांत कलमांचे आकडे आहेत, चित्र उभं राहत नाही.

नैरोबीकर:
२०१७च्या निवडणुकीवरून देश पेटला होता. ९ मार्च २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा आणि विरोधी नेते राइला ओडिंगा यांनी नैरोबीत हरांबी हाउसच्या पायऱ्यांवर हस्तांदोलन केलं. ‘हँडशेक’ हा इथे तेव्हापासून राजकीय शब्द आहे, साध्या अर्थाने वापरला तरी लोक हसतात. त्यातून ‘बिल्डिंग ब्रिजेस इनिशिएटिव्ह’ निघालं. समर्थक त्याला लाडाने ‘रेगे’ म्हणत, त्या नावाच्या संगीतावरून (आडनावाने रेगे असलेल्यांनी दचकू नये). विधेयकात पंतप्रधान हे नवं पद, मंत्री पुन्हा खासदारांतून घेण्याची मुभा, ७० नवे मतदारसंघ, न्यायव्यवस्थेवर राष्ट्राध्यक्षाने नेमलेला तक्रारनिवारक. काउंट्यांचा, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारांचा, महसुलातला किमान वाटा १५ वरून ३५ टक्के हेही होतं, आणि ते खरंच चांगलं होतं. गोडाबरोबर कडू गिळायला लावायची ही जुनी रीत.

लोक बिथरले ते इतिहासामुळे. १९६६ मध्ये घाईने घटना बदलून पक्ष सोडणाऱ्या खासदारांना पुन्हा निवडून यायला लावलं. निशाण्यावर होते ओगिंगा ओडिंगा आणि सत्तेत जोमो केन्याटा. म्हणजे हस्तांदोलन करणाऱ्या दोघांचे वडील! १९८२ मध्ये २अ हे कलम घालून देश एकपक्षीय केला, ते निघायला डिसेंबर १९९१ उजाडला. १९८८ मध्ये न्यायाधीशांच्या कार्यकाळाचं संरक्षण काढलं. हे सगळं कागदोपत्री ‘मारेकेबिशो’च होतं बरं का.

वकीलकाका:
म्हणूनच मला ‘मोडतोड’ सुचतो. सोसायटीत फ्लॅटमालक ‘किरकोळ दुरुस्ती’चा अर्ज देतो आणि आत खांब तोडतो, तसं आहे हे. अर्जावरचा शब्द खोटा नसतो, फरशीही तो बदलतोच.

मात्र अनुवाद करताना एक सांभाळा. उच्च न्यायालयाने घटना कायमची गोठवली नाही. मूळ चौकट बदलायची तर लोकशिक्षण, लोकसहभाग, संविधान सभेत चर्चा आणि शेवटी सार्वमत, अशा चार पायऱ्या चढा, एवढंच म्हटलं. ‘अबाधित’, ‘अपरिवर्तनीय’ असले शब्द घातलेत तर निकालच बदलून जाईल.

पानगळ:
आणि सर्वोच्च न्यायालयाने तर मूलभूत चौकटच नाकारली ना?

वकीलकाका:
हो. अपील न्यायालयाने २० ऑगस्ट २०२१ रोजी ती मान्य केली होती. ३१ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की हा सिद्धांत केनियाला लागू नाही, तिथल्या घटनेतच २५५ ते २५७ या कलमांत पुरेसे अडसर आहेत. तरीही विधेयक पडलंच. कलम २५७ खाली दहा लाख मतदारांच्या सह्यांनी जो प्रस्ताव येतो तो जनतेचा; राष्ट्राध्यक्षाला ते दार नाही, आणि हे विधेयक त्यांनीच सुरू केलेलं होतं. मला हा निकाल जास्त धारदार वाटतो. काय मोडलं यावर न भांडता, कर्ता कोण, एवढंच विचारलं. आपला ‘घटनादुरुस्ती’ शब्द नेमका तिथेच दगा देतो. ‘घटनादुरुस्ती झाली’ असं आपण बिनदिक्कत लिहितो, कुणी केली ते गुलदस्त्यात.

नैरोबीकर:
भर घालतो: ४७ पैकी ४० हून जास्त काउंटी विधानसभांनी ते आधी मंजूर केलं होतं. सह्याही दहा लाखांहून कितीतरी जास्त होत्या. त्यामुळे ‘जनतेने मागितलं’ हे दाखवायला कागद भरपूर होते. आणि माणसंही पुतळे नव्हेत. करुआ पुढे २०२२ मध्ये राइलांच्याच उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या, आणि ज्यांच्या नावाने खटला ओळखला जातो ते याचिकाकर्ते डेव्हिड एन्डी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम रुटोंचे आर्थिक सल्लागार झाले.

आगाऊ:
राखणदारांनाही पगार लागतो.

पानगळ:
ठरवलं असं: विधेयकाच्या नावात ‘घटनादुरुस्ती’ तसंच ठेवते, कारण ते त्यांनीच दिलेलं नाव आहे. न्यायाधीशांच्या तोंडी ‘मोडतोड’. कर्मणी वाक्यं जमतील तिथे मोडून कर्ता पुढे आणते. कलम २५७ साठी ‘लोकपुढाकार’ लिहू की ‘जनप्रस्ताव’?

वकीलकाका:
‘जनप्रस्ताव’. ‘पुढाकार’ कुणीही घेऊ शकतो, राष्ट्राध्यक्षसुद्धा, आणि खटला तर त्याच्याविरुद्धच होता.