विधिमंडळाचं अर्थसंकल्प कार्यालय सरकारच्या मुठीबाहेर ठेवायचं, तर मसुद्यात काय हवं?

मसुदा_लेखक (प्रश्न):
महाराष्ट्र विधिमंडळासाठी अर्थसंकल्प कार्यालय असावं, म्हणून अशासकीय (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडायचं) विधेयक तयार करतोय. कॅग (देशाचा महालेखापरीक्षक) खर्च झाल्यावर हिशेब तपासतो. या कार्यालयानं खर्च होण्याआधी बोलायचं: नव्या योजनेचा पाच वर्षांचा खर्च मांडायचा, पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी) मतदानाआधी तपासून आमदारांना टिपण द्यायचं. नमुना कॅनडाच्या संसदीय अर्थसंकल्प अधिकाऱ्याचा. मसुद्यात नेमणूक अध्यक्ष आणि सभापतींकडे आहे, मुदत पाच वर्षं, आणि कार्यालयाचा खर्च 'भारित', म्हणजे सभागृहाच्या मतदानाविना मिळणारा, ठरवलाय. कुठे गळतं ते सांगा.

ओटावाकर:
कॅनडाचा २००६ चा कायदा समोर ठेवलाय की २०१७ चा, हे आधी पाहा. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

२००६ च्या कायद्यानं हा अधिकारी संसदेच्या ग्रंथालयात बसवला. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, तीही सरकारची मर्जी असेपर्यंत. पैसे ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकातून. पहिले अधिकारी केव्हिन पेज यांनी २००८ मध्ये अफगाण मोहिमेचा खर्च मांडला. पुढच्याच वर्षी २८ लाख डॉलर अपेक्षित असताना हाती १८ लाख आले, आणि ते परत मिळवायला भांडावं लागलं. २०१२ मध्ये खात्यांनी खर्चकपातीचा तपशील दिला नाही. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये 'प्रश्न काल्पनिक आहे' म्हणून फेटाळलं गेलं.

२०१७ च्या दुरुस्तीनं कार्यालय ग्रंथालयातून सुटलं. आता मुदत सात वर्षं, नेमणुकीला दोन्ही सभागृहांचा ठराव लागतो आणि काढायचं तर कारण व दोन्ही सभागृहांची मागणी लागते. मूळ विधेयकात वार्षिक कार्ययोजनेला दोन्ही पीठासीन अधिकाऱ्यांची (सभागृहांच्या अध्यक्षांची) मंजुरी लागणार होती. त्यावर टीका झाली आणि ती अट गेली. तुमच्या मसुद्यात 'मंजुरी' हा शब्द असेल तर तिथे 'सभागृहासमोर ठेवील' एवढंच लिहा.

एक भोक अजून उरलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये तेव्हाच्या अधिकाऱ्याची मुदत संपली तेव्हा पुढचं नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून मंत्रिमंडळानं सहा महिन्यांसाठी हंगामी माणूस नेमला. 'नवा अधिकारी पदभार घेईपर्यंत आधीचा काम पाहील' हे एक वाक्य घाला.

दत्तमत_भारित:
भारित खर्चाचं कलम हेतूनं उत्तम आहे, पण तुमचं विधेयक त्याच कलमावर अडकेल.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२(३) प्रमाणे विधानमंडळ कायद्यानं एखादा खर्च भारित ठरवू शकतं. अशा खर्चावर चर्चा होते, मतदान होत नाही. पण 'खर्च भारित ठरवणं' ही अनुच्छेद १९९(१)(ङ) मधली बाब आहे, आणि २०७(१) म्हणतो की असं विधेयक वा दुरुस्ती राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही. विधानपरिषदेत तर मुळीच नाही. राज्यपालांची शिफारस म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाचा सल्ला. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, दाराची किल्ली त्याच्याच हातात.

ते कलम काढलंत तर विधेयक मांडता येईल, पण मंजुरीच्या टप्प्यावर २०७(३) ची शिफारस तरीही लागेल, कारण राज्याच्या एकत्रित निधीतून (मुख्य तिजोरीतून) खर्च होणारच. सोबतच्या वित्तीय ज्ञापनात 'जादा खर्च नाही' लिहून हे टळत नाही. पदं आणि जागा आहेत तिथे खर्च आहे.

कायद्याविना सोपी वाट म्हणजे अनुच्छेद १८७ खालच्या विधिमंडळ सचिवालयातच कक्ष काढायचा. पण तीच कॅनडाची २००६ ची चूक. त्या वाटेनं गेलातच तर अर्थसंकल्पात विधिमंडळाच्या खर्चाचं जे प्रधान शीर्ष आहे (क्रमांक २०११), त्याखाली कक्षासाठी वेगळं उपशीर्ष मागा. कपात थांबणार नाही, पण छापील पानावर दिसेल. सचिवालयाच्या वेतनात मिसळलेली रक्कम कधी घटली ते कुणालाच कळत नाही.

आकडेमोड:
पैशाइतकंच महत्त्वाचं माहितीचं कलम, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही.

लाडकी बहीण योजना घ्या. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. दर दहा लाख लाभार्थींमागे १,८०० कोटी. हा गुणाकार कुणीही करेल. खरा आकडा ठरतो तो किती अर्ज आले, किती अपात्र ठरले, दर महिन्याला किती खात्यांत पैसे पडले यावर, आणि ते फक्त विभागाकडे असतं. लेखाशीर्षनिहाय किती निधी वितरित झाला हे बीम्सवर (राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) सापडेल, लाभार्थींची गळती तिथे दिसत नाही.

असं लिहून पाहा: "कार्यालयानं लेखी मागितलेली माहिती विभागाचे सचिव १५ दिवसांत विनामूल्य देतील. नकार द्यायचा तर कलम नमूद करून सचिवांच्या सहीनं लेखी देतील, आणि तो नकार पुढच्या बैठकीच्या दिवशी सभागृहाच्या पटलावर ठेवला जाईल." कॅनडातही माहिती नाकारली तर अधिकारी पीठासीन अधिकाऱ्यांना वा समितीला कळवू शकतो, पण 'शकतो' पुरत नाही. अपवाद मोजके ठेवा: मंत्रिमंडळाची टिपणं, वैयक्तिक तपशील, वकिलाचा सल्ला. 'लोकहितार्थ' असा मोघम अपवाद घातलात तर बाकीचं कलम वाया गेलं. लाभार्थींची नावं मागूच नका. जिल्हानिहाय संख्या पुरते, आणि नकाराचं एक कारण आपोआप जातं.

पुरवणी मागण्या त्याच अधिवेशनात मंजूर होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी १५ दिवस निरुपयोगी. तिथे ४८ तास हवेत.

मसुदा_लेखक:
२०७(१) माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. भारित खर्चाचं कलम काढतो आणि शिफारशीची विनंती वेगळ्या पत्रानं पाठवतो. माहितीचं कलम दोन मुदतींसह घेतो. नकारपत्र अधिवेशन नसताना आलं तर?

आकडेमोड:
तर सात दिवसांत अंदाज समितीच्या प्रमुखांकडे, आणि त्याच दिवशी कार्यालयाच्या संकेतस्थळावर.