माझा बजीही असाच गेला

ताई, रात्री शिट्टी मारणारा तुमचा कॉकटिएल, तो तुरेवाला छोटा पोपट, सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित सापडला, आणि ‘माझंच काही चुकलं का’ हे डोक्यातून जात नाहीये. भुसावळला माझा बजी असाच गेला (बजी म्हणजे बजरीगर, छोटा पोपटच; इकडे दुकानदार त्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात). मे महिना, पारा ४५ च्या घरात. महिनाभर मी कूलरला, पत्र्याला, स्वतःला दोष देत होतो. मग गुरांच्या डॉक्टरांनीच समजावलं: आजारी पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून दुखणं लपवतो. पिसं फुगवून बसला म्हणजे बराच उशीर झालेला असतो.

राग मानू नका, पण एक विचारतो. त्या रात्री नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहिला होता का? तो फार तापला की त्याच्या वाफेने पक्षी थोड्याच वेळात दगावतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. घरात दुसरा पक्षी असेल तर तेवढं बघाच.

‘एवढ्याशा पाखरासाठी काय रडायचं’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. मी त्याला अंगणातल्या निंबाखाली पुरलं. पिंजरा दोन महिने जागचा हलवला नाही. बाजरी निवडताना चार दाणे अजूनही बाजूला काढले जातात.