चर्चिल एव्हीआरई, १/१६ : वळताना ट्रॅक उतरतो

खटपट्या: ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत उतरलेला रॉयल इंजिनिअर्सचा (ब्रिटिश लष्करी अभियंत्यांचा) चर्चिल एव्हीआरई रणगाडा शून्यापासून बनवतोय, खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढा, रिमोटवरचा. बॉडी ३ मिमी सनबोर्डची, साडेसेहेचाळीस सेंमी लांब. खऱ्याची पेटार्ड तोफ (आखूड, जाड नळीची) २९० मिमी व्यासाची, म्हणून १८ मिमीची नळी हुडकत होतो. शेवटी लेकीच्या मार्करचं टोपण बसलं! (तिला अजून सांगितलेलं नाही.) खंदक बुजवायला टाकायची मोळी खराट्याच्या काड्यांची, सर्व्होने (रिमोटवरच्या छोट्या मोटरने) पिन ओढली की घरंगळते. हे सगळं झकास. पण फरशीवर जागच्या जागी वळवला की डावा ट्रॅक (चाकांवरचा साखळीपट्टा) कट्‌कन उतरतो. गिअर मोटर मागेच आहेत, खऱ्यासारख्या.

रणगाडेवाला: एका बाजूची अकराही चाकं जमिनीला टेकवलीस ना?

खटपट्या: हो, पट्टी लावून, एका रेषेत!

रणगाडेवाला: तिथंच घोळ. खऱ्यात वजन एरवी मधल्या नऊंवरच असतं. पहिलं नि शेवटचं ३ मिमी उचल. पुढच्या आयडलरचं (ट्रॅक ताणून धरणाऱ्या मोकळ्या चाकाचं) भोक लांबट कर, म्हणजे ताण देता येईल.

जुना_खेळाडू: आणि मोळी चढवून तपास. नाक जड होतं.

खटपट्या: चाकं उचलली, काका. फरशीवर टिकला. सतरंजीवर अजून रुसतो.